दाजींनी हुंगलेलं तेल

आमच्या दाजींइतका प्रामाणिक माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. माझी जुनी ऑटोमॅटिक व्हॅन घ्यायला आले, तेव्हा त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "जळालंय की रं हे! गिअरबॉक्स गेला. तुझ्या बहिणीकडं बघून नेतो." मी मातीमोल भावात देऊन टाकली.

पुढच्याच महिन्यात मिरजगावला त्यांच्याकडे गेलो, तर दारात तीच व्हॅन, हातात तीच पट्टी आणि समोर गिऱ्हाईक. ते म्हणालं, "तेल काळं दिसतंय."

"मुरलंय ते!" दाजी म्हणाले. "नव्या तेलाला गाडीची सवय नसती."

गिऱ्हाईक खुशीत व्हॅन घेऊन गेलं. मी म्हणालो, "दाजी, माझ्या दारात हेच तेल जळालेलं होतं ना?"

दाजी दुखावलेच. "मग? घरच्या माणसाशी खोटं बोलू व्हय?"