पालापट्टी

...आणि वर ती नगरपालिकेची बाई मलाच म्हणते, "आजी, ही योजना ऐच्छिक आहे!" ऐच्छिक! म्हणजे पैसे नाही भरले तरी चालतंय, फक्त पाला उचलणार नाहीत. अगं बाई, मग पाला पडणं ऐच्छिक आहे का? मी झाडाला सांगू, "बाबा रे, यंदा जरा धरून ठेव"? घरपट्टी भरली, पाणीपट्टी भरली, दिवाबत्तीची पट्टी भरली, आणि दिव्याचा खांब कुठाय तर पार वळणावर. आता ही पालापट्टी! तुम्हाला सांगते, आमच्या अंगणात झाड एकच. अंजिराचं. पण अंजिराचं पान तुम्ही पाहिलंय ना? पान नव्हे, पंजा! दहा पडली की अंगण भरतं, आणि देठाचा चीक बोटाला लागला की दिवसभर खाजवत बसा. पाला झाडाचा, पाडला वाऱ्यानं, आणि पैसे मी भरायचे?

बरं, नेहमीच्या डब्यात टाकावा तर कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस झाकण उघडून आत डोकं घालतो. पूर्वी नाकाला रुमाल लावून तोंड फिरवायचा, आता वाकून बघतो!

"आजी, पान आहे."

"वाऱ्यानं आलं असेल."

"वाऱ्याचं मला माहीत नाही. पान बागेचं आहे."

"आणि ते खालचं? कोबीचं?"

"ते स्वयंपाकघरातलं. ते चालतं."

"आणि कोबी मी अंगणात लावला असता तर?"

आता बघा, माणूस तसा सरळ. विचारात पडला बिचारा. गाडीवाला भोंगा वाजवतोय, मागं दुधाची गाडी अडकलीय, आणि हा डब्याचं झाकण हातात धरून कोबीचा विचार करतोय. शेवटी म्हणाला, "विचारून सांगतो," आणि डबा तसाच ठेवून गेला. एका पानापायी! आठवडाभर त्या डब्यानं जो काही वास सोडला... जाऊ दे, तुम्ही जेवून आला असाल.

तुम्ही म्हणाल, खड्डा खणून कुजवायचा की पाला. खणला होता! पण आमचं अंगण केवढं? चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. भिंतीपलीकडे राहतात निवृत्त हेडमास्तर. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून डोकं वर. "वहिनी, वास येतोय. वहिनी, उंदीर दिसला. वहिनी, मी तर पालापट्टी भरून हिरवा डबा घेणार आहे. सुजाण नागरिकाचं कर्तव्य असतं." आणि खरंच, आठवड्याभरात त्यांच्या फाटकाशी हिरवा डबा उभा! चाकांचा, झाकणाचा, अगदी नवाकोरा. शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मी म्हटलं, हेडमास्तरच ते, डब्यालासुद्धा कोपऱ्यात उभं करणार.

आता माझा मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर नाहीतर खाली, त्यामुळे त्याच्याकडे कुठल्याही प्रश्नाला दोनच बटणं. मला म्हणाला, "आई, एक तर पैसे भर, नाहीतर फरशी टाकतो."

"कसली फरशी?"

"अंगणात. झाड काढायचं, फरशी टाकायची. फरशीला पानं फुटत नाहीत."

"अरे, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे!"

"मग तत्त्वानं पाला उचल. महिनाअखेरीला अंगण साफ दिसलं तर झाड राहील. नाहीतर फरशीवाला येईल."

आणि फरशीवाला माप घेऊनसुद्धा गेला की! चपलांच्या कपाटाशी नमुने ठेवून गेला तीन. एक राखाडी, एक गडद राखाडी, आणि तिसरी... राखाडीच, पण महाग.

आता अंगणाचं मला एवढं काय, तर सांगते. फार मोठं काही नाही. मी शाळेत गेलेली नाही. हा मुलगा सहा वर्षांचा असताना त्या अंजिराखाली बसून पुस्तक वाचायचा, ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानं, आणि मी समोर बसून शेंगा सोलायची. तो म्हणेल ते ऐकायचं आणि बोट जिथं असेल ते बघायचं. तो उठून गेला की काडीनं मातीत तेच काढायचं, आणि घरधनी यायच्या आत पायानं पुसायचं. झालं शिकून! फक्त एक घोटाळा झाला. मी समोर बसायची ना, म्हणून मी सगळी अक्षरं उलटी शिकले. डोकं खाली, पाय वर. सहा महिने मला वाटत होतं, अक्षरं असतातच तशी! एकदा वर्तमानपत्र हातात घेतलं तर घरधनी हसायला लागले, "अगं, आधी सुलटं तरी धर." मी म्हटलं, "तुम्हीच धरा सुलटं," आणि समोर बसून सगळं पान घडाघडा वाचून दाखवलं, जाहिरातींसकट. त्या दिवसापासून हा माणूस माझ्यासमोर पत्र उघडायचा नाही. सुलटं वाचायला नंतर शिकले, पण उलटं वाचायची खोड गेली नाही.

तर सांगायचं काय, फरशीवर काडीनं अक्षर उमटत नाही. एवढंच. पुढं ऐका.

गेले नगरपालिकेत. तीन नंबरची खिडकी. आत एक बाई, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर दुसरा चष्मा. मी विचारलं, "पाला झाडाचा, पाडला वाऱ्यानं, पैसे मी का भरायचे?" ती म्हणाली, "आजी, नियमावली आहे. वाचता येतं का? वाचून दाखवू?"

मला! वाचून दाखवू!

मी म्हटलं, "आणा इकडे." आणि तिथंच खिडकीशी उभ्या उभ्या पहिल्या कलमापासून वाचत सुटले. मागं रांग लागली, लागू दे. तेवढ्यात बाईंनी तक्रारवहीत माझी नोंद केली. शेरा लिहिला: "वृद्ध. हट्टी." खिडकीच्या पलीकडून, उलटा, अगदी बारीक अक्षरात. मी म्हटलं, "बाई, 'हट्टी'च्या आधी 'अतिशय' लिहा." बाईंनी एक चष्मा काढला आणि दुसरा लावला.

पण कलम अकरामध्ये मला सापडलं बरं का! "सार्वजनिक उद्यानात पडलेला पाला नगरपालिका विनाशुल्क उचलेल." वाचलंत? पडलेला पाला. कुठल्या झाडाचा पडलेला, ते लिहिलंय का? नाही. कुणी पाडलेला, ते लिहिलंय का? नाही! मी घरी आले आणि दारातूनच ओरडले, "सापडलं! पाला बागेत नेऊन टाकायचा!"

घरात सूनबाई. तिचं शिवणकाम, पुढच्याच खोलीत मशीन. ती बोलते कमी, कारण तोंडात कायम टाचण्या असतात. त्या दिवशी मात्र तिनं टाचण्या काढल्या. मला वाटलं, आता ही नवऱ्याचीच री ओढणार. तर म्हणाली, "आई, नेणार कशातून?" आणि गळ्यातली टेप काढून माझ्या खांद्याचं माप घेतलं! उरलेल्या पडद्याच्या कापडाची पिशवी शिवली, पाठीला अडकवायची, दोन पट्ट्यांची, आतून अस्तर लावून. पाल्याला अस्तर! मी मनात म्हटलं, चार दिवस सासूचे म्हणतात ते अजून संपले नाहीत तर.

सार्वजनिक बाग आमच्याकडून चांगली लांब. दोन रस्ते ओलांडायचे, मग चढ, मग फाटक. आणि माझे गुडघे! डॉक्टरसुद्धा तेच सांगत होता महिनोन्‌महिने, "आजी, साखर वाढलीय, रोज चालत जा." मी विचारलं, "कुठं?" म्हणे, "कुठंही." आता कुठंही कुणी जातं का? काम असेल तर माणूस चालतो. नुसतं जायचं आणि नुसतं यायचं, ही माझ्या मुलाच्या लिफ्टची कामं. मी साफ सांगितलं, कारणाशिवाय मी चालत नसते. पण हे कारणाचं चालणं होतं, हो! सकाळी सहाला पाठीवर पिशवी, फाटकातून आत, गुडघे म्हणाले बस, म्हणून लागलं ते पहिलं झाड गाठलं, पिशवी पालथी केली, पायानं जरा पसरलं, म्हणजे पडल्यासारखं वाटावं, आणि आले परत. चार दिवस सगळं झकास.

पाचव्या दिवशी झाडामागून माळी उभा राहिला.

"आजी, हे झाड कसलं?"

"मला काय विचारता? माळी तुम्ही."

"सुरूचं आहे. सुरूची पानं कशी असतात? सुईसारखी." आणि अंजिराचा एक पंजा उचलून माझ्यासमोर धरला. "सुरूला हे कुठून आलं?"

वर बघितलं तर सुया, खाली बघितलं तर पंजे. पन्नास वर्षं झाड सांभाळलेली बाई मी, आणि गुडघ्यांच्या नादात झाडाकडे मान वर करून बघितलं नाही! म्हटलं, "देवाची करणी."

"रोज सकाळी सहालाच होते का ही करणी?"

मी कलम अकरा म्हणून दाखवलं. पूर्ण. माळी डोकं खाजवत ऐकत राहिला. मग म्हणाला, "कलमाचं मला कळत नाही. पण रोपवाटिकेत कुंड्यांना पाला लागतोच. तिथं आणून टाका."

"कुठंय ती?"

"ती काय, तळ्याच्या पलीकडे. पार मागं."

म्हणजे आणखी तेवढंच! पण तत्त्व म्हटलं की गुडघ्यांना विचारायचं नसतं. रोज जायला लागले. दहा दिवसांनी सूनबाई म्हणाली, "आई, पिशवी जरा मोठी करू का?" केली. पुढच्या आठवड्यात म्हणाली, "आई, दोन खेपा केल्या तर?" केल्या. महिनाअखेरीला मुलगा अंगणात उभा राहिला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, एक पान नाही. त्याच्याजवळ तिसरं बटण नव्हतं. झाड राहिलं! फरशीचे नमुने गेले धुण्याच्या यंत्राच्या डगमगत्या पायाखाली, महागाची राखाडीसुद्धा. डॉक्टर म्हणाला साखर उतरली, मी म्हटलं औषधाचा गुण. आणि मी हेडमास्तरांना भिंतीवरून ऐकवलं, "कर्तव्य तुमचं, पैसे तुमचे! मी एक छदाम दिला नाही!" ते खोकले फक्त.

दुसरा महिना निम्मा गेला. परवाची गोष्ट. मी सूनबाईच्या खोलीत गेले, पिशवीचा बंद उसवला होता. ती शिवत होती, मी समोर स्टुलावर. तिच्या बाजूला मापांची वही, आणि वहीला टाचणीनं टोचलेले दोन कागद. तिच्या बाजूनं सुलटे. माझ्या बाजूनं...

आता माझी खोड तुम्हाला माहीतच आहे.

पहिला कागद डॉक्टरांचा: "रोज किमान एक तास चालणे. सक्तीचे." दुसरा कागद नगरपालिकेचा. पावती. बागकचरा योजना, घर नंबर सतरा, वर्षाची रक्कम भरली. घर नंबर सतरा कुणाचं? आमचं! तारीख? मी कलम अकरा शोधून ओरडत घरी आले ना, त्याच्या दुसऱ्या दिवसाची! आणि त्याखाली वहीचं पान उघडं, त्यावर कुणाचं माप? "माळीणबाई. शिलाई घ्यायची नाही." म्हणजे माळ्याला रोपवाटिका तळ्यापलीकडेच का आठवली, तेही कळलं!

मला नुसता एकच प्रश्न पडला, पैसे भरलेत तर आमचा डबा कुठाय? उठले, बाहेर आले, हेडमास्तरांच्या फाटकाशी गेले आणि तो शिक्षा झालेला डबा खांद्याला धरून गर्रकन फिरवला. पुढं चकचकीत स्टिकर. सतरा! झाकण उघडलं. गच्च भरलेला. त्यांच्या मेंदीच्या कुंपणाची छाटणी, गवत, वाळक्या फांद्या... आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, चष्मा लावलेला!

हेडमास्तर चपला न घालता धावत आले. "वहिनी, हळू! तुमच्या सूनबाईंनीच ठेवायला दिला हो. म्हणाल्या, आईंना दिसता कामा नये, दिसला तर चालणं बंद होईल. आता चांगला डबा रिकामा ठेवून..."

"नागरिकाचं कर्तव्य," मी म्हटलं.

"तेच," ते म्हणाले. आणि खोकले.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? भांडले असते, डबा ओढून आणला असता, तर पाला चार पावलांवर डब्यात, मी घरात, आणि साखर पुन्हा डोक्यावर. शिवाय सूनबाई गप्प बसून जिंकली, हे तिला कळवायचं? छे! तिला वाटू दे मला ठाऊक नाही. म्हणून डबा मी स्वतःच्या हातानं पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवला. घरात गेले. सूनबाईनं दातांत टाचणी धरूनच विचारलं, "आई, बंद शिवला. पिशवी अजून थोडी मोठी करू?"

मी म्हटलं, "कर."

तेव्हा उद्या सकाळी सहाला चढावर कुणी दिसलं तर हाक मारू नका, दम लागतो. पाला झाडाचा, पाडला वाऱ्यानं, पैसे भरले सुनेनं, डबा भरला हेडमास्तरांनी... आणि चालतेय मी!