पाच मिनिटांचं निळं

नाही, पण मी म्हणतो, दोन दिवसांच्या सहलीला दोनशे पानी वही लागते का? तुम्हीच सांगा! दोन दिवस! आपल्या डोंगरावरून तेर्मोलीला उतरायचं, गाडीत बसायचं, समुद्र उजव्या हाताला धरून जात राहायचं, रिमिनीला गाडी बदलायची, की आलं रावेन्ना. पण आमची मेव्हणी एर्मिनिया… माझ्या बायकोची, माफाल्दाची, धाकटी बहीण हो! छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता शाळा सुटली पण भूगोल काही सुटेना. दुपारची जेवणं झाली की आमच्या टेबलावर नकाशा पसरणार, चार कोपऱ्यांवर चार अक्रोड ठेवणार, आणि सुरू! "दाजी, नऊ दहाला पहिलं चर्च. नऊ पंचावन्नला बाहेर. दहाला कॉफी, उभ्यानं. दहा सातला…" अगं बाई, गाव बघायला चाललोय की आग विझवायला? रावेन्ना काय पळून जातंय?

आणि तुम्हाला सांगतो, मला ते सगळं नकोच होतं. मला एकच छत बघायचं होतं. एकच! मी, पार्दो, एक्केचाळीस वर्षं टाइल्स बसवतोय. तुमच्यापैकी निम्मे लोक रोज सकाळी माझ्याच टाइल्सवर उभे राहून दाढी करतात. तर फार वर्षांपूर्वी एका सिमेंटवाल्यानं कॅलेंडर दिलं होतं. त्यात मे महिन्याला रावेन्नाच्या गाल्ला प्लाचीदिया नावाच्या रोमन सम्राज्ञीच्या समाधीचं छत… निळं. म्हणजे कसं निळं सांगू… रात्र उतरायच्या जरा आधी आकाश एक श्वास रोखून धरतं ना, तसं. आणि त्यात सोन्याचे तारे, शेकड्यांनी. सगळं काचेच्या बारीक तुकड्यांचं! मे संपला, वर्ष संपलं, सिमेंटवाल्याचं दुकान बंद पडलं, पण ते पान माझ्या कामाच्या खोलीत तसंच. कुणाच्या तरी न्हाणीघरात गुडघ्यावर बसून सांधे भरताना मी मनानं तिथंच असायचो. पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखाच, मान वर करून, चुना कोपरापर्यंत ओघळतोय, एकेक तुकडा दाबत बसला असेल… खालून बायको ओरडत असेल, "जेवायला येतोस की कुत्र्याला घालू?" आणि तो म्हणत असेल, "आलो गं, एवढा एक तारा!"

तर एर्मिनियाच्या वहीत माझ्या त्या छताला किती वेळ? पाच मिनिटं! मी म्हटलं, "एर्मिनिया, पाच मिनिटांत मी पहिल्या टाइलची पाठसुद्धा ओली करत नाही." तर म्हणते, "दाजी, मी काय करू? आत जागा एवढीशी, माणसं श्वास सोडतात, भिंती दमट होतात. पाच मिनिटं झाली की बाहेर काढतात." बरं बाबा! मी आपला नकाशावर समाधीच्या चौकोनावर बोट ठेवायचो आणि बसायचो. त्या दोघी बहिणी नकाशावरच गावभर हिंडून, कॉफी पिऊन, दान्ते कवीच्या कबरीवर जाऊन परत यायच्या, तरी माझं बोट तिथंच. झोप लागायची कधीकधी. खरं सांगू? मेणकापडावर गाल टेकून रावेन्ना बघण्यात जे सुख होतं ना…

आणि मग डोळ्यांचे डॉक्टर मध्ये आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. ऑपरेशन ऑक्टोबरात. माफाल्दा लगेच, "झालं! आधी डोळे, मग रावेन्ना. रावेन्ना काय पळून जातंय?" मी म्हटलं, आधी रावेन्ना! ती म्हणते, अरे माणसा, धुरकट डोळ्यांनी काय बघणार आहेस? आता बायकोला कसं सांगायचं, की रावेन्ना पळून जात नाही गं, डोळे जातात! माझ्या मामाचा गेला होता एक, अशाच कापाकापीत.  नुसता भिंतीपाशी उभा राहून टाइलच्या सांध्यावरून अंगठा फिरवत होतो. त्या दिवसांत मी सांधे असेच बघायचो, अंगठ्यानं. तिनं ते पाहिलं. हातातली भांडी खाली ठेवली आणि म्हणाली, "एर्मिनिया, सप्टेंबरची तिकिटं काढ."

गेलो. नऊ दहा, नऊ पंचावन्न, सगळं वहीप्रमाणे. आणि मग ती समाधी… बाहेरून विटांचं ठेंगणं घर, तुमचा कोंबड्यांचा खुराडा बरा. वाकून आत गेलो. छातीत असं धडधडतंय की वाटलं, हा आवाज ऐकूनच बाहेर काढतील. मान वर केली. एर्मिनियाच्या तोंडून, जिच्या तोंडून कधी शब्द थांबत नाहीत, नुसतं "आई गं…" माफाल्दा म्हणाली, "देवा, केवढं निळं!"

आणि मला… मला दिसतंय शेवाळ. साचलेल्या डबक्यासारखं तपकिरी-हिरवं, आणि त्यावर तेलाचे थेंब पडावेत तसे तारे. एक्केचाळीस वर्षं! मी म्हटलं, "हो, निळं आहे." पण माझा आवाज बायकोला पाठ आहे हो. माझ्या कानाशी आली, हळूच म्हणाली, "तुला काय दिसतंय?" मी म्हटलं, "हिरवं."

ती मागून माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिली, म्हणजे मान वर करून माझा तोल जाऊ नये म्हणून, आणि सांगायला लागली. "हे बघ, कडेला आहे ना, ते तुझ्या आईच्या सणाच्या ओढणीचं निळं. त्याच्यावर आपण लग्नानंतर बोटीतून गेलो होतो, तू उलट्या करत होतास, त्या दिवशीच्या समुद्राचं. आणि मधोमध… थांब, मधल्याला नाव नाही. मधलं म्हणजे तू अजून हाक मारली नाहीस, पण मारणार आहेस हे मला कळलंय, तसं." तुम्हाला सांगतो, ही बाई चाळीस वर्षं माझ्याशी फक्त टोमॅटो आणि गॅस सिलिंडरबद्दल बोलत आलीय! ही भाषा कुठं लपवली होती? आणि मला ते निळं… दिसलं म्हणत नाही मी, पण अंगावर आलं.

तेवढ्यात पहारेकरी, "चला, चला, वेळ झाली." आणि एर्मिनिया वळली! मला वाटलं आता ही घड्याळ दाखवून आम्हाला बाहेर ओढणार. तर ती त्यालाच म्हणते, "ओ, माझे दाजी अजून अर्ध्या छतावर आहेत. एकही निळा तुकडा बघायचा राहिला तर मी इथून हलणार नाही. भिंती ओल्या होतात ना? आम्ही तिघं श्वास धरून उभे राहतो!" आणि खरंच गाल फुगवून उभी राहिली! तो बिचारा आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्या ओल्या डोळ्यांकडे… म्हणाला, "राहा. पुढच्या पाच मिनिटांपुरते." त्याची तीन वेळा पाच मिनिटं झाली. वहीतलं सगळं रावेन्ना कोलमडलं. दान्ते राहिला, कॉफी राहिली, उरलेला सगळा वेळ आम्ही त्या खुराड्यासमोरच्या गवतावर बसून चीज आणि भाकरी खाल्ली, आणि वहीची पानं? चीज गुंडाळायला!

ऑक्टोबरात डोळे झाले. दोन्ही शाबूत. पट्टी काढली तर समोर नर्सचा निळा झगा, मी रडायला लागलो, ती घाबरली, "काका, दुखतंय का?" काय सांगणार तिला? माफाल्दा हसतेय, म्हणते, एप्रिलमध्ये पुन्हा जाऊ, रावेन्ना काय पळून जातंय.

म्हणजे इथं कुणाचंही समाधान व्हायला हवं, नाही का? पण नवे डोळे घेऊन मी गावातल्या औषधांच्या दुकानवाल्या बाईंकडे गेलो, आसुन्ताबाईंकडे, गोळ्या आणायला. त्यांच्या न्हाणीघरात हात धुतले आणि जागच्या जागी बसलो. गेल्या वसंतात पांढऱ्याशुभ्र टाइल्स म्हणून मीच बसवलेली भिंत… मधेच फिकट निळी, मधेच पांढरी, मधेच पिस्त्याच्या रंगाची, आणि ओळ अशी तिरपी, जणू भिंतच झिंगलीय! एक्केचाळीस वर्षांची अब्रू! म्हटलं, "बाईसाहेब, माफ करा, सोमवारी येतो, सगळं उखडतो, नवं बसवून देतो." तर ती बाई दारात आडवी उभी! "खबरदार हातोडी लावलीत तर! अहो, मला वाटलं ही रोमची नवी फॅशन आहे. मी टबात पडून तासन्‌तास बघत बसते. पाहुण्यांनाही दाखवलं."

पाहुण्यांना दाखवलं! त्यातल्या सहाजणी माझ्या दारात येऊन गेल्या. सगळ्यांना तस्संच हवंय, पिस्त्यासकट.

तर आता परिस्थिती अशी आहे, की देवाच्या दयेनं दोन्ही डोळे लख्ख झालेत, लेव्हलच्या नळीतला बुडबुडासुद्धा चष्म्याशिवाय दिसतो, आणि मी दिवसभर गुडघ्यावर बसून, अगदी मन लावून, चुका करतोय.