‘रिकामा’ हा शब्द खोडून

माझे नाव व राहण्याचा पत्ता ओळखपत्रावरून सोबत नोंदवून घेतला आहे. वय ५९ वर्षे. धंदा – पेट्रोल पंपावर गाड्यांत पेट्रोल भरण्याचे काम सत्तावीस वर्षे केले, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, सध्या घरीच असते. ओळखीचे लोक मला पंपवाल्या मावशी म्हणतात. घरमालक नुसते ‘पंपवाली’ म्हणतात.

मी आज दुपारी सव्वातीन वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या डोळ्यांनी पाहिलेले व माझ्या हातांनी केलेले, असे सांगते की, मी माझी मुलगी, जावई व चार वर्षांची नात यांच्यासह नमूद घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहते. वरच्या मजल्यावर घरमालक एकटे राहतात. वर जाणारा लोखंडी कठड्याचा जिना आमच्या मागच्या दारालगत आहे. मागे लांबट अंगण आहे.

घरमालकांनी आज सकाळी दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. तीत असे आहे की, खालच्या बिऱ्हाडात जावई पेट्रोलचा साठा करतो, त्या साठ्याचा भडका होऊन जिन्याखाली आग लागली, तरी साठा व गवत कापण्याचे मशीन जप्त व्हावे आणि बिऱ्हाडाने घर सोडावे. हे खोटे आहे. जावई लोकांच्या बागांतले गवत कापतो, मशीन गेले तर आमच्या चुलीवर काय ठेवायचे हा प्रश्न आहे. म्हणून मी सविस्तर सांगते. हवालदारांनी ‘थोडक्यात सांगा’ असे म्हटले, पण थोडक्यात सांगितल्याने काय होते ते मी पुढे सांगणारच आहे.

आमच्याकडे पेट्रोल असते ही गोष्ट खरी आहे. मशीनला लागते. ते एकाच डब्यात असते, पाच लिटरच्या, लाल, पेट्रोलसाठीच बनवलेल्या, घट्ट झाकणाच्या. दुसऱ्या कशातही नाही. डबा काठोकाठ भरत नाही, वर चार बोटे जागा ठेवते, कारण उन्हाने पेट्रोल फुगते. पंपावर भरताना डबा गाडीवर ठेवू देत नाही, जमिनीवर ठेवायला लावते. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहिलेले आहे. त्यावर जावई म्हणाला होता, सासूबाई, आपल्याला माहीत आहे की. मी म्हटले, पाहुण्याला माहीत नसते आणि घाईत आपल्यालाही नसते.

हा डबा घरात येत नाही. मागच्या भिंतीच्या सावलीत, घरापासून बावीस पावलांवर, विटांवर ठेवलेली पत्र्याची पेटी आहे. पेटीला खाली भोके पाडली आहेत, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि विस्तव शोधते. पेटीला कुलूप आहे. किल्ली माझ्या गळ्यात असते, रात्रीही. पेटीपासून पाच पावलांवर कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचे आग विझवायचे नळकांडे आहे. जावई या सगळ्याला ‘सासूबाईंची तिजोरी’ म्हणतो. घरमालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की पंपवाली रोज संध्याकाळी पेट्रोलला अंगाई गाऊन येते. मी मनावर घेतले नाही, असे म्हणणार नाही. घेतले.

आता जिन्याखालची गोष्ट. जिन्याखाली घरमालकांचा दहा लिटरचा जुना पत्र्याचा डबा गेली दोन वर्षे पडून होता. त्यात पूर्वी पेट्रोल असे. झाकण हरवले होते, तोंडात चिंधी कोंबलेली होती, वर गोणपाट. त्यामागे थंड पेयाच्या बाटलीत स्कूटरसाठी अर्धा लिटर पेट्रोल ठेवलेले असे. मी घरमालकांना हे हलवा म्हणून किमान दहा वेळा सांगितले. बाटलीबद्दल ते म्हणत, एवढ्याशाने काय होते. डब्याबद्दल दर वेळी एकच उत्तर, तो तर रिकामा आहे.

माझी नात त्या डब्याचा काउंटर करून जिन्याखाली दुकान दुकान खेळत असे. आठ महिन्यांपूर्वी मी तिचे दुकान उठवले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलगीही म्हणाली, आई, तू जरा अतीच करतेस. मी खेळायची जागा आतल्या खोलीत खिडकीपाशी करून दिली, तिथे अजून दुकान चालू आहे.

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास जावयाने मशीन अंगणात आणले. इंजिन गार आहे ना हे मी हात लावून पाहिले. मग एक लिटर पेट्रोल भरून दिले, सांडलेले पुसले, चिंधी बाहेर वाळत टाकली. जावई मशीन घेऊन कामावर गेला. मी डबा पेटीत ठेवून कुलूप लावले आणि वळले. तेव्हा माझ्या लक्षात आले की जिन्यापाशी एक वायर पडलेली आहे आणि एक अनोळखी माणूस तोंडावर मुखवटा धरून कठड्यावर वाकलेला आहे. घरमालकांनी कठडा जोडायला वेल्डर बोलावला होता. मला सांगितले नव्हते. ठिणग्या जिन्याच्या फटींतून खाली गोणपाटावर पडत होत्या.

वेल्डरने मला नंतर सांगितले की, काम सुरू करण्याआधी त्याने घरमालकांना विचारले होते, खाली डबा कसला आहे. घरमालक वरून म्हणाले, ‘रिकामा आहे, चालू दे.’ त्याचा जबाब वेगळा घेतला आहे, त्यात हे आलेच असेल. माणसाने विचारले होते हे मला महत्त्वाचे वाटते, म्हणून मीही सांगून ठेवते.

मी ओरडले. माझा आवाज पंपावरचा आहे. सत्तावीस वर्षे चालू इंजिनाच्या गाड्यांना मी एकच शब्द ओरडत आले, तोच तोंडातून निघाला.

‘बंद!’

वेल्डरने हातातले तिथेच बंद केले. कोण ओरडले आणि का, हे बघायला तो जिन्यापासून बाजूला होऊन माझ्या दिशेने चार-पाच पावले आला. मी त्याला हाताने ये, ये करत होते. गोणपाट धुमसत होते ते मला दिसत होते, त्याला नाही. तो अंगणाच्या मध्यापर्यंत आला आणि त्याच्या पाठीमागे जिन्याखाली ठेवलेला वाफेने भरलेला डबा फुटला. पत्रा जिन्याच्या खालच्या पायरीवर आपटला. बाटली वितळून तिच्यातले पेट्रोल फरशीवर पसरले आणि पेटले. वेळ नऊ वाजून चाळीस मिनिटे. वेल्डरचा शर्ट पाठीवर थोडा करपला. त्याला दुसरी इजा नाही. तो जिथे वाकला होता तिथला कठडा मी हवालदारांना दाखवला आहे.

घरमालक वरून पाण्याची बादली घेऊन अर्ध्या जिन्यापर्यंत धावत आले. मी त्यांना पाणी टाकू दिले नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर आमच्या दारात आली असती. दारामागे माझी मुलगी व नात होती. मी मुलीला ओरडून सांगितले की नातीला घेऊन पुढच्या दाराने रस्त्यावर जा, काही घ्यायला थांबू नकोस. ती एका शब्दाने उलट बोलली नाही. एरवी बोलते.

नंतर मी नळकांड्याची पिन काढून नळी ज्वाळांच्या बुडाशी धरली व झाडू मारल्यासारखी फिरवली. वेल्डरने माझ्या सांगण्यावरून वाळूच्या दोन्ही बादल्या ओतल्या. वाळू बरोबर जागी पडली. आग चार मिनिटांत विझली. अग्निशामक दलाची गाडी आली तेव्हा वाळूतून फक्त धूर येत होता. एक जुना चपलांचा स्टँड व स्कूटरचे कव्हर जळाले, भिंत नवव्या पायरीपर्यंत काळी झाली. बाकी काही नाही. माणूस एकही नाही. हे वाक्य कृपया दोनदा लिहावे, असे मी म्हटले. हवालदारांनी एकदाच लिहिले आहे, हरकत नाही.

घरमालकांची पाचावर धारण बसली होती. ती उतरल्यावर त्यांनी रस्त्यात जमलेल्या माणसांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हटले की, हिच्याच पेट्रोलने घर पेटवले. आणि ते तसेच इथे तक्रार द्यायला आले.

दुपारी बारा वाजता हवालदार पाहणीला आले. पेटी उघडण्याआधी मी त्यांना त्यांचा लायटर घरात ठेवून यायला सांगितले. ते म्हणाले, बाई, मी पोलीस आहे. मी म्हटले, पेट्रोलला ते कळत नाही. ते लायटर ठेवून आले, याबद्दल मी त्यांचे आभार मानते. पेटीचे कुलूप शाबूत होते. पत्र्याचा रंगसुद्धा उडाला नव्हता. डब्याच्या अंगावर लिटरच्या खुणा आहेत. काल साडेचार लिटर भरले, आज सकाळी एक लिटर काढले, खूण साडेतीनवर होती. अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांनी फुटलेला डबा पाहून सांगितले की शिवण आतून बाहेर उघडली आहे, म्हणजे भडका आतल्या वाफेचा आहे. त्यांनी माझी पेटीही पाहिली. खाली वाकून भोके पाहिली आणि विचारले, हे कोणी सुचवले. मी म्हटले, मी. त्यांनी सोबतच्या दोन जवानांना बोलावून ती दाखवली. तेव्हा घरमालक तिथेच उभे होते आणि जावईही कामावरून परत येऊन पोचला होता. जावयाने ‘तिजोरी’ हा शब्द काढला नाही. मला फार आनंद झाला, तो मी लपवत नाही.

वरच्याप्रमाणे मजकूर लिहून झाल्यावर हवालदारांनी तो मला वाचून दाखवला. त्यात ‘जिन्याखाली ठेवलेला रिकामा डबा फुटला’ असे वाक्य होते. ते मला मान्य नाही, असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, पेट्रोल नव्हते म्हणजे रिकामाच की, शब्दाने काय फरक पडतो. त्यांना फरक कळावा म्हणून पुढील गोष्ट सांगते.

माझे यजमान त्याच पंपावर कामाला होते. एकवीस वर्षांपूर्वी पंपाच्या मागे एक जुने पिंप कापून पाण्याची टाकी करायची होती. यजमान कापणाऱ्याच्या मदतीला पिंप धरायला गेले. मी पुढे गाडीत पेट्रोल भरत होते. ते जाताना मला दिसले, ते शेवटचे. पिंप रिकामे होते, म्हणून मी काही बोलले नाही. त्या दिवशीही माझा जबाब घेतला होता. त्यात ‘रिकामे पिंप’ असे लिहिले होते. मला तो वाचून दाखवला होता आणि बरोबर आहे म्हणून मी सही केली होती. काय वाचले ते मी ऐकत नव्हते.

पेट्रोलचा डबा भरलेला असतो तेव्हा त्यात वाफेला जागा कमी असते. संपतो तेव्हा सगळी जागा तिचीच होते. हे मी नंतर शिकले आणि पंपावर नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवले. पेट्रोल ठेवलेला डबा रिकामा नसतो. तो फक्त दिसतो.

हवालदारांनी पट्टी घेऊन तो शब्द खोडला आणि मला विचारले, काय लिहू. मी सांगितले, ‘वाफेने भरलेला’. मजकुरात तो शब्द आणखी दोन ठिकाणी होता. दोन्हीकडे तो घरमालकांच्या तोंडचा आहे, तिथे तसाच ठेवला, कारण ते तसे बोलले. एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट माझ्या तोंडची आहे. तीही तशीच ठेवली, कारण तेव्हा मीही तसेच समजत होते.

माझी घरमालकांविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारले. नाही. ते बाहेरच्या बाकावर बसले आहेत. मघाशी त्यांनी आपली तक्रार मागे घेतल्याचे मला सांगितले, आणि तशी पेटी कुठे बनवून मिळते असे विचारले. मी म्हटले, आमची जावयाने केली आहे, त्यालाच विचारा, नीट विचारलेत तर करून देईल. शेजारी बसलेला वेल्डर म्हणाला, मावशी, मी करतो, पण जागा तुम्ही दाखवायची. घरमालक मला ‘बाई’ म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मशीन आमच्याकडेच राहणार व बिऱ्हाड हलणार नाही, असे मला ठाण्यातल्या साहेबांनी सांगितले आहे.

खोडलेल्या जागेवर मी सही केली आहे. हा जबाब मला पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवायला मी सांगितले. हवालदारांनी तो सावकाश वाचला. या वेळी मी शब्द न् शब्द ऐकला. तो बरोबर आहे.