अकराचे तीन ठोके

नाही, पण मला एक सांगा, भूत काढणं हे प्लंबरचं काम आहे का? नळ गळतोय, बोलवा. टाकी भरत नाही, बोलवा. संडास तुंबलाय, नाकाला फडकं लावून बोलवा, मी कधी नाही म्हणालोय? तीस वर्षं झाली हातात पाना घेऊन. पण भूत? अहो, भुताला आटे असतात की वॉशर असतो, की आलो, पिळलं नि गेलो! पण नाही... सकाळी डोळा उघडायच्या आत सेक्रेटरीचा फोन, "अरे जरा बघ रे, पाचव्या मजल्यावर भिंतीत कोणीतरी चालतंय म्हणे." भिंतीत! चालतंय! अहो, पाइप वाजतोय हो, पाइप!

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या साथीच्या दिवसांतलं. फाटकाला कुलूप, लिफ्ट बंद, जिने ओस. सेक्रेटरी म्हणाला, "तू इथेच राहा, खाली पंपाच्या खोलीत. नाहीतरी घरी तुझी वाट बघणारं कोण आहे?" आता खरं होतं ते, पण बोलायची काही रीत? बायको जाऊन नऊ वर्षं झाली, घरी वाट बघतं ते एक कुलूप, तेही गंजलेलं. राहिलो. एक खाट, एक शेगडी आणि सोबतीला दोन पंप... घर्रर्र. मला काय, सवय आहे एकट्यानं राहायची. मला नाही कधी भूतबित दिसलं.

पण वर? वर नुसता सुळसुळाट! दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब, जन्मभर कोर्टात पुरावा पुरावा करत आलेला माणूस, दार दोन बोटं उघडून मला सांगतो, "हे पहा, ऐकीव नाही, मी स्वतः पाहिलंय. जिन्याच्या खिडकीत. डोळे तेवढे होते, खाली नाक नाही, तोंड नाही, सपाट पांढरं." म्हटलं, साहेब, किती वाजता? "भर दुपारी." आणि तुम्ही कुठे उभे होतात? "त्याच खिडकीसमोर." घ्या! मास्क लावलेलं आपलंच थोबाड काचेत बघून हा माणूस बारा दिवस दाराबाहेर पडला नाही! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

आणि पाचवा मजला. तिथल्या सासूसुना सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, मीठ हवं असलं तरी नातवाकरवी मागायच्या. भिंतीतला चालणारा आला आणि दोघी एका पलंगावर, एका पांघरुणात, हातात हात! मी गेलो दुरुस्तीला, तर सून हळूच म्हणते, "काका, एवढ्यात नका हो करू. रात्री सासूबाई पाठीवरून हात फिरवतात माझ्या." तेव्हाच मला अक्कल यायला हवी होती. नाही आली.

तुम्ही म्हणाल, पाइप काय आधी वाजत नव्हते? वाजत होते की! इमारत उभी राहिली त्या दिवसापासून वाजतायत, पण ऐकायला घरी होतं कोण? टीव्ही, मिक्सर, हॉर्न, पोरांचा दंगा, त्यात पाइप बिचारा ओरडून मेला तरी कुणाला पत्ता! मग एके दिवशी सगळं बंद, आणि माणूस बसला भिंतीकडे तोंड करून. त्यात रोज बातमी, हा गेला, ती गेली, आणि बघायला जायचं नाही, हात लावायचा नाही, पोचवायचं नाही. सगळे फोनवरच गेले हो! फोनवर गेलेला माणूस खरंच गेलाय हे पटतं का कुणाला? मग तो घरातच कुठेतरी राहतो. मला विचाराल तर भुतं नव्हती वाढली, कान वाढले होते... पण पाइप तो पाइप!

आणि मग सातव्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई.

नवराबायको दोघं शिक्षक, दोघं निवृत्त. सर पहिल्याच लाटेत गेले. गाडी आली, सर आपल्या पायांनी जिना उतरले, वळून म्हणाले, "गिझर बंद कर गं," आणि त्यानंतर आला तो फोन. बस. एवढाच निरोप. गिझर!

बाईंनी मला वर बोलावलं, दाराला साखळी लावून पलीकडून बोलत होत्या. "मिस्त्री, माझी तक्रार नाही. फक्त विचारायचंय. रोज सकाळी अकराला न्हाणीघरातून तीन ठोके येतात. आमचे हे टॉवेल विसरायचे. चाळीस वर्षं रोज विसरले. आतून असेच तीन ठोके द्यायचे." मी दाराच्या फटीतून न्हाणीघराकडे बघितलं. "मी रोज टॉवेल नेऊन ठेवते," बाई म्हणाल्या, "वेडेपणा आहे ना?"

आता इथे शहाण्या माणसानं काय म्हणावं? म्हणावं, ठेवा बाई, चांगलं करता. पण माझी जीभ! इतक्या दारांत तेच तेच बोलून घासलेली. म्हटलं, "बाई, पाइप वाजतोय हो, पाइप! अकराला मी पंप लावतो, पाणी जोरात चढतं, तुमच्याकडचा पाइप धरणारा क्लॅम्प ढिला आहे, पाइप भिंतीवर आपटतो. एक, दोन, तीन. पंधरा मिनिटांचं काम!" आणि नुसतं बोलून थांबलो नाही. शिरलो पाइपांच्या सांदीत, क्लॅम्प आवळला, खाली रबर घातलं. दुसऱ्या दिवशी अकराला चिडीचूप. काय छाती फुगली होती माझी! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी वॉचमन म्हणतो, "सातव्यावरच्या बाईंनी दुधाची पिशवी आत नाही घेतली. कालचीही तिथेच आहे." फोन केला. "सगळं ठीक आहे, मिस्त्री. काम छान केलंत हो." अशा आवाजात म्हणाल्या की त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं! गेलो वर. बाईंचं तोंड एवढंसं झालेलं, मागे खुर्चीवर टॉवेल, घडी न मोडलेला. म्हणाल्या, "तो ठेवायचा म्हणून उठत होते. मग उठलेच आहे तर आंघोळ, मग चहा, मग दोन घास. आता कुठून सुरू करायचं तेच सुचत नाही." अहो, त्यांचं माणूस एकदा दवाखान्यानं नेलं आणि दुसऱ्यांदा मी, पान्यानं! लाज वाटली मला, खरंच सांगतो, फार लाज वाटली.

मग काय, बिघडव म्हटलं परत! सोपं असतं काय? दुरुस्त करायला शिकवतो उस्ताद, बिघडवायला कोण शिकवतं? रबर काढलं, तर नुसती खडखड. थोडा आवळला, तर कुईईई... ते ऐकून वकीलसाहेबांचा फोन, "आता बाईचं भूत आलंय!" तीन ठोके काही केल्या येईनात. शेवटी अकरा वाजता, पंप लावायच्या आधी, खालूनच पाना घेतला आणि उभ्या पाइपावर हाणला. ठक्... ठक्... ठक्. दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी आत! दारोदार पाइप वाजतोय, पाइप वाजतोय म्हणत हिंडणारा मी, मीच वाजवत बसलो!

आणि आठव्या दिवशी... आठव्या दिवशी वरून आलं. ठक्, ठक्. दोन. पाना पाइपाला आपटून पायावर पडला हो माझ्या, बोंबललोच मी! अंगावर सर्रकन काटा. स्वतःलाच म्हणतोय, पाइप आहे, हवा अडकली असेल... आणि तळपायाला घाम. दुसऱ्या दिवशी परत दोन. तिसऱ्या दिवशी परत. मग हळूहळू भीती गेली आणि वेगळीच तऱ्हा सुरू झाली. पावणेअकरापासून लक्ष घड्याळाकडे. दाढी करून बसायला लागलो. पाइपासमोर! धुतलेला शर्ट घालून! मला काय, सवय आहे एकट्यानं राहायची, असं म्हणणारा हाच तो माणूस.

साथ ओसरली, दारं उघडली, तेव्हा बाईंनी चहाला बोलावलं. एका टेबलाशी समोरासमोर बसलो आणि बशी ढकलत म्हणतात, "पाय बरा झाला का? पाना पडल्याचा नि तुमचा आवाज वरपर्यंत आला होता." कप खाली ठेवला मी. म्हटलं, बाई, तुम्हाला माहीत होतं? "पहिल्या आठवड्यातच कळलं. आमचे सर अकराचे सव्वाअकरा कधी करत नव्हते, तुम्ही दोनदा केलेत." मग ऐकून कशाला घ्यायचं, उत्तर कशाला द्यायचं? तर म्हणाल्या, "अहो, मला वाटलं, कोण बिचारा तळघरात एकटा पडलाय, रोज हाका मारतोय. कोणीच ओ दिली नाही तर घाबरेल."

घ्या! मी समजत होतो मी बाईंना सांभाळतोय!

त्यानंतर दोन वर्षं, सांगतो तुम्हाला, एक दिवस चुकला नाही. समोर भेटलो तर काय बोलणार, नळ कसा आहे, बरा आहे, संपलं. पण अकराला तीन आणि दोन. गेल्या महिन्यात बाई गेल्या. या वेळी सगळं व्हायला हवं तसं झालं, दवाखान्यात मी जवळ होतो, हात धरून होतो, पोचवायला शंभर माणसं, निम्मे त्यांचेच विद्यार्थी, पार टकलं पडलेले आणि रडणारे. म्हणजे माझ्याच बोलण्याप्रमाणे आता मला काही व्हायला नको, हो ना? निरोप झाला, पटलं, संपलं. काही संपत नाही हो. अकरा वाजतात, हात पान्याकडे जातो, तीन ठोकतो आणि पंपाचं बटण न दाबता उभा राहतो कान देऊन. किती वेळ? आता ते नका विचारू.

काल सेक्रेटरीचा फोन. "अरे, सातवा मजला बंद आहे तरी रोज ठोके ऐकू येतात म्हणे! वरचे भाडेकरू खोली सोडून चाललेत. तो पाइप एकदाचा कायमचा नीट कर बाबा."

म्हटलं, साहेब, पाइपाला काही झालेलं नाही. आणि जे बिघडलंय ना, त्याचं सामान आता येत नाही.