अण्णांची आरोळी

खरं बोलायची वेळ आली की माईक बंद करायला सांगायचं, आणि सभेत मात्र निर्भीड पत्रकारितेवर भाषण ठोकायचं! कुणाचं नाव घेत नाही मी. पण आमच्या सोलापूरच्या रेडिओसाठी पत्रकारांच्या स्वातंत्र्यावर कार्यक्रम करायला निघाले, तेव्हा बोलायला तयार झाला एकच वार्ताहर.

"जाहिरातदाराविरुद्धची बातमी आमच्या संपादकांनी कशी दाबली, ते सांगतो. पण माझा आवाज बदल. ओळखला तर नोकरी गेलीच."

भवानी पेठेत मल्लूअण्णांच्या चहाच्या टपरीमागे आम्ही रेकॉर्डिंग केलं. त्याचा आवाज मी इतका घोगरा केला की त्याच्या बायकोनंही ओळखला नसता. पण आम्हा रेडिओवाल्यांना मागच्या आवाजांचं भारी वेड. कपांची किणकिण ठेवली, आणि "च्या घ्या की, लई गरम हाय!" ही अण्णांची आरोळीही ठेवली. ती अख्खी पेठ ओळखते.

कार्यक्रम लागला आणि वार्ताहराचा फोन आला. "अगं बये, संपादक थेट टपरीवर गेलेत!"

मी धावत पोचले, तर संपादक तणतणत गाडीत बसत होते.

"अण्णा, काय विचारलं त्यांनी?"

"रेडिओवालीसंगं कोण बसलं होतं, म्हणाले."

"मग? नाव सांगितलंत?"

अण्णांनी शांतपणे चहा गाळला.

"सांगतो म्हटलं की. पण आदी माजाबी आवाज बदलून द्या, मग सांगतो."