पेटीवाले मास्तर आणि ढोलकीवाल्यांची लेक

जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि मागं उभ्या असलेल्या मास्तरांच्या विद्यार्थ्यांनो, मला भाषण येत नाही. त्यात घरच्याच माणसाबद्दल बोलायचं. चुकलं तर सांभाळून घ्या.

शांतवन मास्तर माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी छावणीतली आपली ख्रिस्ती मंडळी फुटली. कशावरून? उपासनेत पेटीबरोबर ढोलकी वाजवायची की नाही! वेगळे झाले ते 'ढोलकीवाले', राहिले ते 'पेटीवाले'. नावं चिडवायला पडली आणि पक्की झाली. बोलणं बंद, जाणंयेणं बंद. मामा पेटीवाल्यांचे पंच. माझे वडील ढोलकीवाल्यांचे पुढारी. आणि मला मागणी घातली कुणी? मामांच्या थोरल्यानं!

दोन्हीकडून निरोप आला. लग्नाला जाईल तो मंडळीबाहेर. आई रडायला लागली. त्याच संध्याकाळी मामा एकटे आमच्या दारात.

वडील म्हणाले, "पेटीवाल्यांचं इथं काय काम?"

मामांनी पाणी मागितलं. ओट्यावर बसले. म्हणाले, "लहानपणी जालन्याच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई मला इंग्रजी शिकवायच्या. स्कॉटलंडच्या. त्यांच्या मुलखात बी चर्च फुटलं होतं. एकांना म्हणायचे 'ऑल्ड लिख्ट', म्हंजे जुन्या उजेडाचे. दुसरे 'न्यू लिख्ट', नव्या उजेडाचे. बाईंची आजी जुन्या उजेडाची, आजोबा नव्या उजेडाचे."

"मग कसं जमलं त्यांचं?"

"रविवारी दोघं दोन वाटांनी जायचे. जेवायला एकाच घरी यायचे."

वडील हसले. लई दिवसांनी हसले. "साहेबलोक बी असलंच भांडले व्हय?"

"आपल्यापेक्षा जास्त!"

लग्न आमच्या अंगणात झालं. मंडळीबाहेर कुणाला काढलं नाही, पण पुढच्याच रविवारी पेटीवाल्यांनी मामांचं पंचपद काढून घेतलं. मी विचारलं, "मामा, वाईट वाटतंय का?" म्हणाले, "पुढं बसून मान अवघडायची. मागच्या बाकावर ऐसपैस आहे." शेवटपर्यंत तिथंच बसले. समाधानानं बसले. मला मात्र कधी म्हणाले नाहीत, की आमच्यात ये. दर रविवारी मला माझ्या मंडळीच्या दारापर्यंत सोडायचे, मग आपल्या वाटेला लागायचे.

मंडळ्या आजही दोनच आहेत. मामांनी त्या जोडल्या, असं मी खोटं सांगणार नाही. पण आजारपणात मी विचारलं होतं, "मामा, प्रार्थनेला कुणाचे पाळक बोलवू?" म्हणाले, "जो रिकामा असंल तो."

काल मामांच्या दफनाच्या वेळी दोन्हीकडचे पाळक कामात होते. दोघंही आले.

आता आपण उभं राहून क्षणभर शांत राहू या. मामा, तुमच्या सुनेचा सलाम.