कोटाची आतली बाजू

— नाही नाही, तू उभी राहा ना आरशासमोर, मला आरसा नकोच आहे, मी इथे नुसती उजेडासाठी उभी आहे. एवढं मोठं गोदाम, त्यात आरसा एक आणि धड दिवा एक, तोही आरशावर! बाकी सगळीकडे अंधार — मुद्दामच ठेवलाय, दुसरं काय, डाग दिसू नयेत म्हणून. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझ्या लेकीएवढीच असशील. मग असं कर, ही माझी पिशवी जरा धर, मला दोन्ही हात लागतात... हं. हा नाही. हाही नाही, छे! — तो बघ, दारावरचा माणूस परत माझ्याकडेच बघतोय. मघाशी येऊन मला म्हणतो, "मावशी, कपडे उलटे करून बघायचे नाहीत." का नाही बघायचे? तर म्हणे अस्तर फाटतं. अरे बाबा, मी काय दातांनी उलटे करतेय? उलटं करून बघितल्याशिवाय मला कळणार कसं? पण त्याला काय सांगणार, त्याला वाटतं बाईचं डोकं फिरलंय. फिरलंच आहे म्हणा. सकाळपासून उभी आहे, तीन जिने चढून आलेय — लिफ्ट आहे, पण ती मालासाठी, माणसांनी चढायचं!

आणि जाहिरात काय तर 'नामवंत डिझायनरांचे कपडे, सत्तर टक्के सूट'. डोंबलाची सूट! मूळ किंमत आधी आभाळाला टेकवायची, मग तिच्यावर लाल रेघ मारायची, की झाली सूट. रांगेचं मला नवीन नाही हं, मी हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीत बसते, जन्म गेला माझा "पुढे या, पुढे या" म्हणण्यात. पण मी असते खिडकीच्या आत. रांगेत उभं राहिलं की काय दिसतं ते आज कळलं — पुढच्याची मान! नुसती मान! आणि आत आलं की काय? एकदम सगळ्या धावल्या, जसं काही फुकट वाटतायत. मघाशी एक निळा कोट मी खांद्याला धरला तर एकीने बाही धरली. मी ओढतेय, ती ओढतेय, दोघी घामाघूम — वसंतातल्या उकाड्यात थंडीचे कोट ओढतोय बघ आम्ही! — शेवटी माझ्या हातात आला, मी उलटा केला, बघितलं, आणि तिलाच परत दिला. तिचा चेहरा बघायला हवा होतास. म्हणाली, "घ्यायचाच नव्हता तर ओढलात कशाला?" काय सांगू तिला?

काय म्हणालीस? खालची रेघ? मला इथून दिसत नाही, चष्मा... डोक्यावर आहे होय, राहू दे. असेल काहीतरी दोष. दोष असल्याशिवाय इथे येतात का कपडे? काउंटरवर दाखव तू, म्हणावं, हे बघा, रेघ आहे, आणखी कमी करा. करतील झक मारत. पण बसलाय छान तुला, हं. तपकिरी शोभतो. मला शोभत नाही, मी त्यात पोत्यासारखी दिसते. नाहीतरी मी माझ्यासाठी आलेलीच नाही — ह्यातलं मला काय होणार? सगळे एकाच मापाचे! सॅम्पल म्हणजे काय माहीत आहे ना? दुकानात जातो तो माल वेगळा, हे त्याच्या आधीचे. एकेकच शिवतात, बघण्यापुरता, तोसुद्धा कंपनीने ठेवलेल्या एका उंच काटकुळ्या बाईच्या मापाचा. तिच्या अंगावर घालून बघतात. पसंत पडला तर तसे हजार करतात, आणि नाही पडला तर तो इथे. ह्या दांड्यावर. अर्धं गोदाम म्हणजे नापास झालेली पोरंच आहेत असं समज.

मला ह्यातला एक हवाय. निळा. म्हणजे निळाच असणार — माझ्या लेकीने काढलेला आहे तो. हो, ह्याच कंपनीत आहे ती. नाही गं, मोठी डिझायनर कुठली, हाताखाली आहे, पण हा कोट तिचा स्वतःचा, पहिलाच. मला दाखवला नाही. "झाला की बघ," म्हणाली. आणि झाला तो थेट इथे आला. लहानपणापासून तिला निळ्याशिवाय काही नको असतं, म्हणून मी निळे तेवढे बघतेय, सगळे निळे संपत आले तरी सापडत नाही. तिच्या ऑफिसातनं कुणीतरी नेला असेल का? की आधीच विकला? आज शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी जे उरतं ना, ते यंत्रात घालतात, चिंध्या करतात, गाद्यांत भरायला. दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून. हे तीच सांगते, आणि सांगताना तिचा आवाज असा होतो, जसं काही माणसांबद्दलच बोलतेय.

तू हसू नकोस. म्हणजे हस, मीही हसायचे. तिकडे लांब शिकायला गेली, शिष्यवृत्ती मिळवून, तिकडेच राहिली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण नाही, बाईसाहेब परत आल्या. का? तर, "आई, कपड्यांचे डोंगर झालेत जगात. लोक वर्षभर घालतात आणि टाकतात. आपण असं शिवायचं, की माणूस बदललं तरी कपडा टाकायला नको." हे कधी? जेवताना! रोज! आमच्याकडे जेवण नसतंच, सभा असते. तिचे बाबा तर शेवटचा घास झाला की "ठराव मंजूर" म्हणून ताट उचलतात. आल्या आल्या माझं कपाट उघडलं तिने, माझे सगळे कपडे पलंगावर उलटे करून टाकले, आणि मलाच ओरडली, "बघ, बोटभरसुद्धा माया नाही एकातही!" माया म्हणजे गं शिवणीच्या आत जादा कापड सोडतात ना, ते. पुढे अंग वाढलं तर उसवून सैल करता येतं. हल्ली कोण सोडतं? म्हणून तर मी उलटे करून बघतेय — तिच्या कोटात असणार, प्रत्येक शिवणीत चांगली दोन बोटं. ह्या बाकीच्यांत बघ, ही बघ शिवण, नखाएवढं कापड नाही! ओढलं की उसवलं. आणि किमती बघ!

ती हे शिकली कुठे सांगू? तिकडे नाही. तिला वाटतं तिकडे. अगं, तिचा शाळेचा फ्रॉक मी एकदाच शिवून घ्यायचे, भला मोठा, आणि खाली ही एवढी दुमड. पोरगी वाढली की दुमड उसवायची, परत वाढली की परत उसवायची. पण उसवलं की जुन्या घडीची रेघ राहते ना! बाहेरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं, दुमडीतलं मात्र नव्यासारखं, आणि दोघांच्या मधे ती रेघ. तो शाळेचा रंगही असा मातकट, तपकिरी — काही केल्या लपायची नाही. मुली चिडवायच्या तिला. झाडाचं वय मोजतात तशा फ्रॉकवरच्या रेघा मोजायच्या. रडत घरी यायची, "नवा शिव, नवा शिव." मी म्हणायचे, कशाला, धड आहे की. आणि हीच पोरगी तिकडे जाऊन त्या रेघेवर प्रबंध लिहून आली! मला वाचून दाखवला. मला अर्धा कळला नाही. कळलं ते इतकंच की माझ्या कंजूषपणाला तिने काहीतरी मोठं नाव दिलंय. मी म्हटलं, बाई गं, मी नवीन कापड घ्यायला नको म्हणून करत होते ते. तर म्हणते, "तेच तर!"

मग कोट केला. कंपनीतल्या मुख्य बाईंनी तो टेबलावर पसरला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, तीन कोटांच्या ह्या मायेत माझा चौथा कोट होतो. कापून टाक, मग बघू. कापायची होती की नाही? तूच सांग. पहिला कोट, नवी नोकरी, कुणीही कापली असती. हिने नाही कापली. त्यांनी कोट बाजूला टाकला. घरी आली, चप्पल न काढता पलंगावर बसली, मला सगळं सांगितलं. मी काय... मी पाणी दिलं. आणि म्हटलं — आता मला काय वाटलं, की शहाणपणाचं काहीतरी सांगावं, आई आहे मी — म्हटलं, "अगं, काप की मग. दोन बोटं कापड ते, त्यासाठी एवढं काय डोक्यात राख घालून घ्यायची!"

"तू पण?" एवढंच म्हणाली.

बोलत नाही असं नाही हं. बोलते. हो. नाही. भूक नाही. सभा बंद झाली आमच्याकडे. तिचे बाबा परवा ताट उचलताना म्हणाले, "आज विषय नाही का काही?" तर उठून गेली. आणि काल म्हणाली, तिकडे परत जाते म्हणून. "इथे कुणाला काही नको आहे, आई." शांतपणे. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणून रजा टाकून आले. म्हटलं, तो कोट शोधायचा, घरी न्यायचा, तिच्यासमोर घालून उभं राहायचं — मला होवो न होवो, बटणं लागोत न लागोत — म्हणजे तिला दिसेल की... काय बघतेस खाली? मघापासून बघतेय मी, तू त्या कोटाच्या खालीच बघतेयस. काय झालं?

कुठे आहे रेघ?

थांब. थांब, चष्मा. वळ जरा उजेडाकडे. ही... ही तर मुद्दाम काढलीय. घडीची नाही ही, दोन रंगांचं कापड जोडलंय बघ, वर विटकं, खाली गडद, सगळीकडून, सारखी. आणि रंग! अगं देवा, मी निळा शोधतेय. दिवसभर निळा शोधतेय मी! बाही दे. उलटी कर, कर गं, बघू दे त्या दारावरच्याला काय बघायचंय ते, फाटू दे अस्तर — ही बघ. माझी दोन बोटं. बरोबर बसतात.

काढ. काढ तो अंगातनं. माझा आहे तो, म्हणजे माझ्या लेकीचा आहे, मी सांगितलं ना तुला सगळं. इथला नियम मला माहीत आहे, अंगावर असेल ते आपलं, पण तू दुसरा बघ, एवढे आहेत, तुला काय, तुला कुठलाही होईल, तू त्या मापाच्या काटकुळ्या बाईसारखीच आहेस. मी दिवसभर उभी आहे गं. मी जिने... हं. दे. शहाणी आहेस. दे इकडे.

बाप रे, वजन आहे की ह्याला.

तू का घेत होतीस हा? नाही, खरंच विचारतेय. खांद्याला बरा वाटला? बस, एवढंच? आणि खिसे. बरं. तुला माया-बिया काही माहीत नव्हतं, तो प्रबंध माहीत नव्हता, मी कोण ते माहीत नव्हतं. वर मी तुला सांगितलं, दोष आहे म्हणून. तरी अंगातनं काढला नाहीस तू. मी एवढं बोलत होते, तेवढा वेळ, ह्या उकाड्यात, कोट घालूनच उभी होतीस.

मी बघितलंसुद्धा नाही. तू विचारलंस आणि मी न बघता सांगितलं.

नको. नको, धर हा. मला नको देऊस. मी नेला तर काय होईल सांगू? ती म्हणेल, आईने विकत घेतला. बरोबरच म्हणेल. घरातनं निघाला आणि घरीच आला, ह्यात काय झालं? कुणाला काही नको आहे हेच खरं ठरलं ना. घाल परत. घाल म्हणते ना! हात घाल बाहीत. हं. फोटो? नको गं, तिला वाटेल मीच कुणाला तरी उभं केलंय. मी नुसतं सांगेन तिला, एक मुलगी होती, तिने घेतला, खांद्याला बरा वाटला म्हणून. विश्वास ठेवणार नाही. नाहीच ठेवणार. तरी सांगेन. तू मात्र थंडी पडली की घालून फीर, चांगली गर्दीच्या रस्त्यांवर फीर — ती असली तोवर इथे, तर दिसेल तिला कधीतरी. नसली तर... फीर आपली. आणि घट्ट झाला तर टाकायचा नाही. उसवायला द्यायचा. आहे आत भरपूर.

जा आता, काउंटरची रांग सरकली. पिशवी दे माझी. आणि ऐक — ती रेघ दाखवून कमी करून मागू नकोस. मघाशी मी म्हणाले ते म्हणाले. दोष नाहीये तो. लिहिलीय तेवढी किंमत दे, आणि कुणी विचारलं तर सांग, रेघेसकट आवडला.

जा ना. उभी काय राहिलीस? जा, नाहीतर परत मागेन मी.